जमिनीत आहे, मुळाला नाही

उन्हाळी टोमॅटोच्या बुडाशी, देठाच्या अगदी विरुद्ध टोकाला, आधी एक पाणचट ठिपका दिसतो. चार दिवसांत तो काळा, चपटा आणि चामड्यासारखा चिवट होतो. फळ वरून लालबुंद आणि खालून गेलेले. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात असा माल वेगळा काढतात आणि तो मातीमोल जातो. हा डाग बुरशीचा किंवा किडीचा नसतो. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम कमी पडले आणि तिथल्या पेशींच्या भिंती ढासळल्या, एवढेच झालेले असते.

आता ज्या वावरात हा टोमॅटो उभा आहे, ते वावर पाहू. कळमेश्वर-सावनेरच्या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत ढेकूळ फोडले की पांढरे चुनखडीचे खडे हाताला लागतात. त्याच मातीवर प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर ती फसफसून वर येते. चुना म्हणजे कॅल्शियम. झाडाची मुळे कॅल्शियमच्या कोठारात पसरलेली आणि फळ कॅल्शियमवाचून सडलेले, असा हा प्रकार आहे.

त्याचे कारण साधे आहे. झाडात कॅल्शियम फक्त पाण्याच्या ओघाबरोबर वर चढते आणि पाणी जिथून वाफ होऊन उडते, तिकडेच जाते. पानांतून भरपूर पाणी उडते, फळातून जवळजवळ नाही. त्यामुळे पाण्यात खंड पडला की पहिली उपासमार फळाची होते. एप्रिल-मे महिन्यांत आठ दिवस वावर भेगाळू द्यायचे आणि मग सऱ्या तुडुंब भरायच्या, ही आपली पाळी या डागाला आमंत्रण देते. त्यात अमोनियाच्या रूपातले नत्र जास्त झाले की मुळाशी कॅल्शियमची वाट आणखी अडते. म्हणजे उपाय आहे थोडे थोडे, नियमित पाणी आणि हात आखडून दिलेले नत्र. शेतकऱ्याच्या हाती मात्र पडते कॅल्शियमची आणखी एक बाटली.

भाजीपाल्याच्या खतांबद्दल मला जे सांगायचे आहे, ते या एका डागात आले आहे. आपण खताची चर्चा 'एकरी किती बॅगा' या एकाच प्रश्नावर आणून ठेवली. जमिनीत असलेले मुळापर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न आपण विचारतच नाही. नागपूरसारख्या ठिकाणी तरी हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी यायला हवा, कारण इथली माती देण्यापेक्षा धरून ठेवण्यात जास्त पटाईत आहे.

दख्खनच्या काळ्या दगडाची पूर्वेकडची कड नागपूरजवळ संपते. तो दगड झिजून झालेल्या मातीत लोह वजनाने काही टक्के असते. कोणत्याही भाजीला हंगामात हेक्टरी फार तर एक-दोन किलो लोह लागते. हिशेबाने पाहिले तर पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढे लोह पायाखाली आहे. तरी मिरचीचे आणि वांग्याचे नवे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कारण मातीचा सामू आठच्या आसपास गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. मँगेनीजचेही तसेच. रामटेकजवळच्या मनसर-कांद्रीच्या खाणींमुळे हा जिल्हा मँगेनीजसाठी देशभर ओळखला जातो, मँगेनीज काढणाऱ्या 'मॉइल' कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. पण खनिज किती आहे, याचा झाडाला उपयोग नसतो. मुळाभोवतीच्या ओलाव्यात जे विरघळले, तेवढेच त्याचे.

जुन्या शेतकऱ्यांना मातीतला हा भेद नीट माहीत होता. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी नावे इथल्या जमीनमोजणीच्या कागदांतही आली, कारण सारा ठरवणाऱ्यालाही प्रत्येक जमिनीची देण्याची ताकद वेगळी आहे, हे मान्य करावे लागले. आज दुकानातून निघणारा खताचा डोस बरडीवरच्या मिरचीला आणि काळीतल्या कोबीला सारखाच असतो. ज्या शहरात १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आहे, ज्या शहराचे कृषी महाविद्यालय १९०६ चे आहे, त्या शहराच्या वेशीवर हे घडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. देशाच्या मातीचे नकाशे अमरावती रोडवर तयार होतात आणि तासाभराच्या अंतरावरचा भाजीवाला अंदाजाने खत टाकतो.

'पिवळं पडलं का युरिया फेक' हे इकडचे चालू शास्त्र आहे. ते अर्ध्या वेळी बरोबर ठरते, म्हणून टिकले आहे. नत्र झाडात फिरते. कमी पडले की झाड जुन्या, खालच्या पानांतून ते काढून शेंड्याला देते आणि खालची पाने पिवळी होतात. लोह मात्र असे फिरत नाही आणि गंधकही फारसे हलत नाही. ते कमी पडले की आधी नवे पान पिवळे होते, जुनी पाने हिरवीच राहतात. जस्ताची उणीवही बहुतेक वेळा कोवळ्या पानांवर आधी उमटते. तेव्हा पिवळेपणा खालून वर चालला आहे की शेंड्याकडून खाली, एवढे वाकून पाहिले तरी निम्मे निदान होते. शेंडा पिवळा असताना युरिया टाकून वर पाणी तुंबवले, तर चुनखडीच्या ओल्या मातीत लोहाची वाट आणखी बंद होते आणि पीक अजून पिवळे पडते. मग दुसरी बॅग येते.

युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या बॅगेत पावणेएकवीस किलोच्या आसपास. पण चुनखडीच्या जमिनीवर ओलाव्यात युरिया नुसता विस्कटून दिला, तर काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो आणि त्यातला बराचसा हवेत उडून जातो. तो मातीआड करावा, लगेच हलके पाणी द्यावे, एकाच वेळी न देता तीन-चार हप्त्यांत विभागावा, हे प्रत्येक पुस्तिकेत छापलेले असते. मजुरी महाग आहे, हप्ते वाढले की खर्च वाढतो, म्हणून ते होत नाही. ही अडचण खरी आहे. ठिबकमधून विद्राव्य खत दिले तर ती बरीच सुटते, म्हणून माझ्या मते भाजीपाल्यासाठी ठिबक ही पाण्याइतकीच खताचीही बचत आहे, आणि तिच्याकडे अनुदान देणाऱ्यांनीही तसेच पाहायला हवे.

स्फुरदाची कथा उलटी आहे. ते उडत नाही आणि वाहूनही फारसे जात नाही. चुन्याशी बांधले जाऊन तिथेच राहते. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. एकरी तीन बॅगा टाकल्या तर ६९ किलो स्फुरद झाले, हेक्टरी सुमारे १७०. मिरचीची शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) अशी आहे, संकरित टोमॅटोची ३००:१५०:१५०. म्हणजे मिरचीत तीन बॅगा गेल्या तर गरजेच्या तिपटीहून जास्त स्फुरद जमिनीत पडते आणि उरलेले साठत राहते. त्या साठ्याने जस्ताची उपलब्धता घटते. जस्त कमी पडले की पाने बारीक राहतात, पेरे आखूड होतात, आणि ते पाहून पुन्हा 'टॉनिक' विकत घेतले जाते. स्फुरद जास्त झाल्याने जस्त उपाशी, ही साखळी भाजीच्या वावरात इतकी सर्रास आहे की शेतकऱ्याने डीएपीला हात लावण्याआधी स्फुरदाची चाचणी सक्तीने करावी, असे मला वाटते.

डीएपीने आणखी एक नुकसान केले. त्याआधी सिंगल सुपर फॉस्फेट चालायचे. त्यात स्फुरद फक्त १६ टक्के, पण सोबत ११ टक्क्यांच्या आसपास गंधक असायचे. बॅग जड, वाहतूक महाग, म्हणून ते मागे पडले, आणि त्याबरोबर न मागता मिळणारे गंधकही गेले. कांदा, लसूण, मुळा, कोबी, फुलकोबी या भाज्यांचा वास आणि तिखटपणा गंधकाच्या संयुगांवर उभा आहे. नागपूरकडच्या भाजीवाल्याने डीएपीची एक बॅग कमी करून सुपर फॉस्फेट घ्यावे, असे मी ठामपणे म्हणेन.

पण शेतकऱ्याला एकट्याला दोष देणे अन्याय होईल. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे नत्र किलोला जेमतेम १३ रुपये. डीएपीची बॅग १३५० रुपयांना. तिच्यातल्या नत्राची किंमत युरियाच्या भावाने वजा केली, तर स्फुरद किलोला पन्नास रुपयांच्या पुढे जाते. पालाशाचे खत जवळपास सगळे आयात करावे लागते आणि तेही महाग. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले तेव्हा युरिया त्याच्या बाहेर ठेवला गेला आणि तो आजही बाहेरच आहे. ज्या घरात महिन्याचा पैसा मोजून खर्च होतो, तिथे स्वस्त ते जास्त टाकले जाणारच. मातीने नव्हे, दिल्लीतल्या दरपत्रकाने इथल्या फुलकोबीचा आहार ठरवला आहे. भाजीची पिके पालाश नत्राएवढे किंवा त्याहून जास्त उचलतात. काळ्या जमिनीत पालाश मुळातच बरे असते, त्यामुळे ही उचल वर्षानुवर्षे दिसली नाही. पण वर्षाला तीन पिके काढणाऱ्या वावरातली ठेव कधीतरी सरतेच.

आणि सल्ला कोण देते? कृषी सहायकाकडे इतकी गावे आणि इतक्या योजना असतात की भाजीच्या अर्ध्या एकरासाठी त्याला वेळ काढता येत नाही. सल्ला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो. डॉक्टर आणि औषधाचे दुकान एकाच माणसाच्या हाती दिल्यासारखी ही व्यवस्था आहे. दुकानदार वाईट असतो, असे मी म्हणत नाही. तो गावातलाच असतो, उधारीवर माल देतो, अडीनडीला तोच उभा राहतो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ मध्ये अशा विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका सुरू केली, हे पाऊल योग्यच होते. पण 'यंदा काहीच टाकू नका' हा सल्ला विक्रीतून कधीच येऊ शकत नाही. आणि स्फुरद साठलेल्या कित्येक वावरांना नेमका तोच सल्ला हवा आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला विदर्भातूनच उभा राहिलेला एक विचार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी 'झिरो बजेट' नैसर्गिक शेती मांडली, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. जमिनीत सगळे आहे, ते उपलब्ध करून देणारे जीवाणू तेवढे जागवा, हे त्यांचे म्हणणे. वर लोहाबद्दल जे लिहिले, त्या अर्थाने या म्हणण्यात मोठे सत्य आहे, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला दुकानापासून सोडवण्याची त्यांची तळमळ आदराने घ्यावी अशीच आहे. लोह, मँगेनीज, काही अंशी स्फुरद यांच्या बाबतीत मातीतले जीवाणू आणि सेंद्रिय आम्ले खरोखरच कुलूप उघडतात.

नत्राला मात्र हा न्याय लागत नाही. त्यांच्या पद्धतीतल्या एकरी जीवामृतात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी असते. या सगळ्यातले नत्र सढळ हाताने धरले तरी पाव किलोच्या आसपास भरते. एकरी बारा टन कोबी निघाला तर तो जमिनीतून पस्तीस-चाळीस किलो नत्र घेऊन जातो. पंधरा दिवसांनी एकदा जीवामृत दिले तरी हे अंतर भरून निघत नाही. घनजीवामृत, आच्छादन, कडधान्याचे आंतरपीक यांनी काही भर पडते. उरलेले मातीतल्या सेंद्रिय पदार्थाच्या ठेवीतून जाते, आणि ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या या प्रदेशात ती ठेव मुळातच थोडी आहे. तूर-हरभऱ्याच्या कोरडवाहू शेतीत निभावणारा हिशेब वर्षभर भाजी काढणाऱ्या वावरात निभावत नाही.

तरीही 'रासायनिक म्हणजे विष' आणि 'सेंद्रिय म्हणजे मागासलेपण' या भांडणात मला रस नाही. मूळ नत्र घेते ते बहुतेक नायट्रेटच्या रूपात. ते शेणातून आले की युरियातून, याचा मुळाला पत्ता नसतो. फरक पडतो तो वेगाचा आणि मातीच्या घडणीचा. शेणखत हळूहळू देते, माती भुसभुशीत करते, सूक्ष्मद्रव्ये धरून मुळाच्या जवळ ठेवते. दहा टन चांगल्या शेणखतात पन्नास किलोच्या आसपास नत्र असते आणि पहिल्या वर्षी त्यातला काही भागच सुटतो. तेव्हा पाया शेणखताचा आणि पिकाच्या ऐन भुकेच्या वेळी वरखत बॅगेतले, हीच भाजीसाठी शहाणपणाची वाट आहे. जास्तीचे नायट्रेट पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) यांच्या पानांत साठते आणि पाण्याबरोबर विहिरीत उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या जिल्ह्यांत आपल्या विदर्भातले वर्धा, अमरावती आणि यवतमाळ आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ज्या विहिरीचे पाणी भाजीला, त्याच विहिरीचे घरात प्यायला, अशी वस्ती आपल्याकडे कमी नाही.

मग शेणखत आणायचे कुठून? जनावरे घटली, ट्रॉलीचा भाव दरवर्षी चढतो. इथे शहराला उत्तर द्यावे लागेल. पहाटे कॉटन मार्केट आणि कळमन्यात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीतून वावरातले नत्र, स्फुरद, पालाश नागपुरात येते आणि परत जात नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला माणशी अडीच किलो नत्र जाते असे धरले, तरी सहा हजार टन होते. युरियाच्या बॅगांत मोजले तर सुमारे दोन लाख नव्वद हजार बॅगा, त्याही दरवर्षी. यातले बरेचसे नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात जाते. भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी वीज केंद्राला दिले जाते, ही चांगली गोष्ट आहे, पण वीज केंद्राला फक्त पाणी हवे असते. त्यातले खत कुणाचेच राहत नाही.

हे काही नवे शहाणपण नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांच्या थरांतून कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा, म्हणजे माणसाच्या मैल्यापासूनच्या खताचा, प्रश्न स्वतःच्या हातांनी हाताळला. जातीच्या किळसेमुळे जे काम समाजाने एका समूहावर लादले होते, ते शेतीच्या आणि माणुसकीच्या दोन्ही अंगांनी कसे सोडवता येईल, हे त्यांनी दाखवले. नागपूरच्या कचऱ्यातला फुलकोबीचा पाला, केळीची साले, हॉटेलांतले उरलेले अन्न वेगळे ठेवले, तर त्याचे खत भाजीच्या वावरात जाऊ शकते. मिसळलेल्या कचऱ्याचे खत मात्र भाजीला नको. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिशाला १०० आणि कॅडमियमला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. बॅटऱ्या आणि ओला कचरा एकाच डब्यात टाकणारा नागपूरकर पुढच्या हंगामात तेच शिसे पालकात खाऊ शकतो. नाग नदीचे कच्चे सांडपाणी भाजीला देण्याचा मोहही याच कारणासाठी आवरायला हवा. पीक हिरवेगार दिसते खरे, पण नत्राबरोबर रोगजंतूही पानावर येतात.

राहिला माती परीक्षणाचा मुद्दा. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यादी उत्तम आहे. पण नमुना ओलिताखालच्या भागात अडीच हेक्टरांच्या चौकोनामागे एक घेतला जातो. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांहून जास्त. भाजीचे वावर असते अर्ध्या-एक एकराचे, विहिरीला लागून, वर्षानुवर्षे शेण आणि डीएपी खाल्लेले. शेजारच्या कापसाच्या मातीशी त्याचे काही नाते उरलेले नसते. सहा एकरांची सरासरी त्या वावराला लावणे चूक आहे. कृषी विभागाने भाजीच्या तुकड्यांसाठी वेगळा नमुना आणि वेगळी पत्रिका द्यावी, आणि शिफारस हेक्टरी किलोत न छापता 'या वावराला सुपर फॉस्फेट इतक्या बॅगा, डीएपी नको' अशी सरळ छापावी.

भाजी लावणाऱ्या शेतकऱ्यांनी मात्र त्याची वाट पाहू नये. रब्बीच्या लावणीआधी, खत घालण्यापूर्वी, त्या एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या. धुऱ्याजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याशेजारची जागा सोडा. खड्ड्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवा आणि जिल्ह्याच्या मृदा चाचणी कार्यालयात द्या. अहवाल हातात आला की तो घेऊनच दुकानात जा, आणि त्यात जे भरपूर आहे, ते यंदा विकत घेऊ नका.